बँकेचे दान आणि बँकेची माणसे

मार्च उलटला, ताळेबंद जुळला आणि नफ्याचा आकडा पक्का झाला, की पावसाळ्याच्या सुमारास बँकांच्या देणग्यांचे समारंभ सुरू होतात. व्यासपीठावर दोघांनी धरावा एवढा पुठ्ठ्याचा धनादेश असतो, शाल-श्रीफळ असते, मुख्याध्यापकांचे आभाराचे भाषण असते, आणि छायाचित्रकार सर्वांना जवळ सरकण्याची विनंती करीत असतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चौकट येते. जैन समाजाला या दृश्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. मंदिराच्या पायरीपासून धर्मशाळेच्या पंख्यापर्यंत दात्याचे नाव घालण्याची रीत समाजात जुनीच आहे, आणि कौटुंबिक मासिकांची काही पानेही देणगीदारांच्या छायाचित्रांनीच भरतात. तेव्हा बँकेने आपले नाव ठळक अक्षरांत लिहिले, म्हणून तिला हसण्याचा अधिकार फारसा कोणाला पोचत नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. बँकेने दान दिले असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके कोणी काय दिलेले असते?

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाची व्याख्या सांगितल्यावर लगेचच दानाचे वेगळेपण कशावर ठरते याचा विचार आला आहे. देण्याची पद्धत, दिली जाणारी वस्तू, देणारा आणि घेणारा, म्हणजे विधी, द्रव्य, दाता आणि पात्र, या चारांच्या गुणांवर दानाचे मोल ठरते. श्रावकाच्या घरातील आहारदानासाठी सांगितलेली ही कसोटी बँकेसारख्या संस्थेला लावून पाहिली, की पहिली अडचण द्रव्यापाशीच येते.

बँकेच्या तिजोरीतील पैसा ठेवीदारांचा असतो. त्यातून मिळणारा नफा भागधारकांचा असतो, आणि राष्ट्रीयीकृत बँकेत त्यातील मोठा वाटा सरकारचा, म्हणजे अखेर जनतेचाच असतो. व्यवस्थापकाने धनादेशावर सही केली म्हणून तो दाता ठरत नाही. रिझर्व्ह बँकेने हे ओळखूनच २००५ साली मर्यादा घातली. नफ्यात असलेल्या बँकेने एका वर्षात द्यावयाच्या देणग्यांची बेरीज मागील वर्षाच्या प्रसिद्ध नफ्याच्या १ टक्क्याच्या आत राहावी, असा तो दंडक होता. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्यातील १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले आणि ठरावीक आकारावरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे भाग पडले. खासगी बँका कंपन्याच असल्याने हे कलम त्यांना लागू आहे. राष्ट्रीयीकृत बँका वेगळ्या कायद्याने जन्मल्या, म्हणून त्या आपापल्या धोरणानुसार देतात. जे कायद्याने द्यावेच लागते त्याला दान म्हणावे की कर, यावर श्रावकांच्या स्वाध्यायात रंगतदार चर्चा होऊ शकेल. तो पैसा शाळेला, रुग्णालयाला, पाणलोटाच्या कामाला उपयोगी पडतो, यात शंका नाही.

मग बँकेचे स्वतःचे असे काय उरते? उरतात तिची माणसे. कर्जाचा अर्ज हातात आला की कोणता धंदा तग धरील आणि कोणता पहिल्या पावसाळ्यातच बसेल, याचा अंदाज बांधणारी नजर ही बँकेच्या अधिकाऱ्याची वीस-पंचवीस वर्षांची कमाई असते. ती शाळेकडे नसते, रुग्णालयाकडे नसते, सरकारी खात्याकडेही क्वचितच असते. ही कमाई बँकेने समाजाला दिली तर काय घडते, याचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, कर्नाटकातील दक्षिण कन्नड जिल्ह्यात आहे. आणि त्याच्या मुळाशी एका जैन घराण्याचा पुढाकार आहे.

धर्मस्थळ हे क्षेत्र महाराष्ट्रातील यात्रेकरूंना अपरिचित नाही. देव मंजुनाथ, म्हणजे शिव. पूजा करणारे वैष्णव ब्राह्मण. आणि क्षेत्राचे धर्माधिकारी परंपरेने हेगडे हे जैन घराणे. आहार, औषध, विद्या आणि अभय ही चार दाने तेथे क्षेत्राच्या कारभाराचा पाया मानली जातात. रोज हजारो लोक जेथे एका पंगतीत जेवतात त्या अन्नछत्रात हे चटकन दिसते. डॉ. वीरेंद्र हेगडे १९६८ साली, वयाच्या विशीत, या गादीवर आले. कारकळ येथे घडविलेली ३९ फुटांची बाहुबलींची अखंड मूर्ती त्यांच्याच काळात धर्मस्थळी आणली गेली आणि १९८२ साली तिची प्रतिष्ठापना झाली. समाजाच्या स्मरणात ते वर्ष या सोहळ्यामुळे राहिले. त्याच वर्षी, धर्मस्थळापासून जवळच असलेल्या उजिरे गावात, आणखी एक गोष्ट सुरू झाली. तिची मिरवणूक निघाली नाही.

धर्मस्थळाला येणाऱ्यांत नवस फेडणारे असत तसे नोकरी मागणारे तरुणही असत. अन्नछत्रात त्यांची एक वेळची भूक भागे. पुढच्या आयुष्याचा प्रश्न तसाच राही. या तरुणांना स्वतःचा धंदा उभा करता यावा म्हणून धर्मस्थळाच्या मंजुनाथेश्वर शिक्षण विश्वस्त मंडळाने सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांना सोबत घेऊन १९८२ साली ग्रामीण विकास व स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘रुडसेटी’ हे नाव रूढ झाले.

या दोन बँकांनीच पुढे यावे यातही एक संगती होती. कॅनरा बँकेची सुरुवात १९०६ साली मंगळुरात ‘कॅनरा हिंदू परमनंट फंड’ या नावाने झाली. तिचे संस्थापक अम्मेंबळ सुब्बाराव पै वकील होते आणि बँक काढण्याच्या कितीतरी आधी, १८९० च्या दशकातच, त्यांनी मुलींची शाळा काढली होती. अज्ञान घालवणे, शिक्षण पसरवणे आणि गरजूला हात देणे ही बँकेची कामे आहेत, असे त्यांनी तिच्या मूळ तत्त्वांतच लिहून ठेवले. सिंडिकेट बँक १९२५ साली उडुपीत अवघ्या ८,००० रुपयांच्या भांडवलावर उभी राहिली. हातमागाचा धंदा बसल्यामुळे अडचणीत आलेल्या विणकरांना मदत व्हावी हा तिचा पहिला हेतू होता. सांगली-कोल्हापूरच्या पतसंस्थांत आज घरोघरी बोलला जाणारा ‘पिग्मी’ हा शब्दही याच बँकेची देणगी आहे. १९२८ साली तिने रोज दोन आणे दारावर येऊन गोळा करण्याची पिग्मी ठेव सुरू केली, आणि संध्याकाळी डायरी घेऊन दुकानोदुकानी फिरणारा पिग्मी एजंट हिंदुस्थानच्या बाजारपेठांना कायमचा मिळाला. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. शब्द मात्र राहिला.

उजिरेच्या संस्थेची रचना पाहिली म्हणजे तिच्यातील शहाणपण कळते. बेरोजगार तरुण-तरुणींची पंचवीस ते पस्तीस जणांची तुकडी घ्यायची. प्रशिक्षण, राहणे आणि जेवण विनामूल्य. अभ्यासक्रम काही दिवसांचा किंवा काही आठवड्यांचा: दुग्धव्यवसाय, शिवणकाम, मोटार रिवाइंडिंग, मोबाइल दुरुस्ती, फळप्रक्रिया, असे. मात्र संस्थेचा संचालक हा शिक्षण खात्यातून येत नाही. तो बँकेचा अधिकारी असतो, प्रतिनियुक्तीवर आलेला. शिकवण्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांतही बँकेचे लोक असतात. कर्जाचा अर्ज कसा भरावा हे प्रशिक्षणार्थी अशा माणसाकडून शिकतो, ज्याने उभे आयुष्य असे अर्ज मंजूर किंवा नामंजूर करण्यात घालवले आहे.

दिवस प्रार्थनेने आणि योगासनांनी सुरू होतो, श्रमदानही असते. वर्ग भरला की आदल्या दिवशी शिकलेल्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे काय वाटले, ते प्रत्येकाने उठून सांगायचे. गावातील वर्गात कधी तोंड न उघडलेल्या मुलीला रोज सकाळी असे बोलावे लागते. पहिल्या दिवशी तिला दोन वाक्ये जड जातात. नंतर ती सवय होते, आणि पुढे बँकेच्या शाखेत व्यवस्थापकासमोर बसल्यावर याच सवयीचा उपयोग होतो.

दुपारी खेळ असतात. जमिनीवर खुंटी रोवून तिच्यावर कडी फेकण्याचा खेळ सर्वांत प्रसिद्ध आहे. किती अंतरावरून फेकायची ते खेळणाऱ्याने ठरवायचे; अंतर जितके जास्त तितके गुण अधिक. काही जण खुंटीला चिकटून उभे राहतात आणि नगण्य गुण मिळवतात. काही जण ईर्ष्येने दूर जातात आणि कडी भलतीकडेच पडते. दोन-तीन फेऱ्यांनंतर बहुतेकांची पावले आपोआप मधल्या अंतरावर येऊन थांबतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी धंद्यात उतरणाऱ्या माणसाची जोखीम घेण्याची वृत्ती समजून घेण्यासाठी या खेळाचा उपयोग केला होता, आणि १९६० च्या दशकात आंध्रातील काकिनाडा येथे छोट्या व्यावसायिकांना प्रशिक्षण देण्याचा त्यांचा प्रयोग गाजला होता. दुसऱ्या खेळात डोळ्यांवर पट्टी बांधून डाव्या हाताने ठोकळ्यांचा मनोरा रचायचा असतो. शेजारी उभे असलेले दोघे सूचना देतात. ठोकळ्याला हात लावण्याची त्यांना मुभा नसते. घरच्या माणसांच्या सल्ल्याचे आणि धाकाचे वजन तरुणाच्या मनावर किती असते, ते या खेळात सर्वांसमोर उघड होते.

हे सर्व चांगले आहे, पण असे प्रशिक्षण इतरत्रही मिळू शकते. या संस्थेचे खरे वैशिष्ट्य प्रशिक्षण संपल्यावर सुरू होते. प्रमाणपत्र दिल्यानंतर पुढील दोन वर्षे संस्था त्या तरुणाचा पाठपुरावा करते. धंदा सुरू झाला का, नसेल तर कर्ज कोठे अडले, कागद कोणता कमी पडला, सुरू झाला असेल तर हप्ते जातात का, याची नोंद ठेवली जाते आणि अधिकारी प्रत्यक्ष भेटही देतो. काही आठवड्यांच्या शिकवणीला दोन वर्षांची सोबत, हे प्रमाणच मुळात धनादेशाच्या समारंभाहून निराळे आहे. समारंभात घेणारा व्यासपीठावरून उतरला की त्याचे पुढे काय झाले हे विचारण्याची कोणावर सक्ती नसते. येथे ती आहे.

दानशास्त्राच्या भाषेत हा विधीचा भाग झाला. आणि पात्राचाही, कारण येथे घेणाऱ्याला हात पसरून उभे राहावे लागत नाही. तो बँकेचा कर्जदार होतो, हप्ता भरतो, आणि व्यवहारात बँकेच्या बरोबरीने उभा राहतो.

भारत सरकारच्या ग्रामविकास मंत्रालयाने २००९ साली हाच नमुना देशभर नेण्याचे ठरवले. जिल्ह्याजिल्ह्यांत अग्रणी बँकेच्या पुढाकाराने एक ‘आरसेटी’, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, उघडण्यात आली. जागा राज्य सरकारची, इमारतीला मंत्रालयाचे अनुदान, आणि चालवणारी माणसे बँकेची, अशी वाटणी झाली. देशात आज अशा ५०० हून अधिक संस्था आहेत, आणि त्यांच्या संचालकांना तयार करण्याचे काम बंगळुरूची राष्ट्रीय रुडसेटी अकादमी करते. दक्षिण महाराष्ट्रातील वाचकांना त्या दूर नाहीत. कोल्हापूर, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया. तिच्या संस्था ‘स्टार स्वरोजगार प्रशिक्षण संस्था’ या नावाने ओळखल्या जातात. पुणे आणि सातारा जिल्ह्यांत बँक ऑफ महाराष्ट्र अग्रणी आहे.

सारेच गोड आहे असे मात्र समजू नये. अनेक ठिकाणी संचालकपद हे बढतीच्या वाटेवरचे आडवळण मानले जाते, आणि शाखेच्या व्यवसायाची धावपळ अंगवळणी पडलेल्या अधिकाऱ्याला तेथे जावेसे वाटत नाही. पाठपुरावाही माणसागणिक बदलतो. एक संचालक खेडोपाडी फिरतो, दुसरा दूरध्वनीवर नोंदी भागवतो. शिवाय श्रावकाच्या मनाला खटकणारी एक गोष्ट आहे. शेळीपालन आणि कुक्कुटपालन यांचे वर्गही या संस्थांत चालतात आणि त्यांना मागणीही असते. सरकारी धोरणाने चालणारी, सर्व समाजांसाठी असलेली संस्था हे वर्ग बंद करील अशी अपेक्षा करणे योग्य होणार नाही. पण ज्यांना अहिंसक उद्योगांसाठीच द्यावयाचे आहे, त्यांना शिवणकाम, विद्युत दुरुस्ती किंवा धान्यप्रक्रिया यांच्या तुकडीसाठी साधने पुरवण्याचा मार्ग खुला आहे. निषेधाच्या पत्रकापेक्षा चार शिवणयंत्रे दिलेली बरी.

प्रतिनियुक्तीवरील अधिकाऱ्याला पगार मिळतो, मग त्याच्या कामाला सेवा कसे म्हणावे, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. पगाराच्या वेळेबाहेर, स्वेच्छेने दिलेला वेळ हा त्यापुढचा टप्पा होय. बँकांत तसेही घडते. स्टेट बँकेचा बालकल्याण निधी १९८३ पासून आहे. कर्मचाऱ्यांची वर्गणी आणि तिच्यात बँकेने घातलेली तेवढीच भर, यांतून तो उभा राहिला, आणि अनाथ, निराधार व अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना त्यातून साहाय्य दिले जाते. येथे द्रव्याचा प्रश्न सुटतो, कारण वर्गणी कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या खिशातील असते. एचडीएफसी बँक २००७ पासून दरवर्षी डिसेंबरमध्ये देशभर रक्तदान शिबिरे भरवते आणि तिचे कर्मचारी त्यांत पुढे असतात. रक्तदानाला अभयदान म्हणण्यास कोणत्याही आचार्यांची हरकत असेल असे वाटत नाही.

येथे कायद्यातील एक बारकावा सांगण्याजोगा आहे. कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी सामाजिक कामाला दिलेल्या तासांची रुपयांत किंमत करून ती २ टक्क्यांच्या खर्चात धरता येईल का, असा प्रश्न कंपन्यांकडून विचारला जात होता. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ साली त्याचे स्पष्ट उत्तर दिले: कर्मचाऱ्यांच्या सहभागाचे स्वागत आहे, पण त्याचे पैशांत रूपांतर करून तो खर्च म्हणून दाखवता येणार नाही. म्हणजे धनादेश हिशेबात येतो, आणि रविवारी सकाळी वस्तीत जाऊन विधवा स्त्रीचा निवृत्तिवेतनाचा अर्ज भरून देणाऱ्या रोखपालाचे दोन तास कोठेच येत नाहीत. हिशेबनिसाला ही त्रुटी वाटेल. दानाची फळे मोजू नयेत असे लहानपणापासून ऐकत आलेल्या श्रावकाला ती तशी वाटणार नाही.

समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात चार शिक्षाव्रतांतील शेवटच्या व्रताचे नाव वैयावृत्त्य असे आहे. इतरत्र ज्याला अतिथिसंविभाग म्हणतात, ते व्रत येथे सेवेच्या नावाने आले आहे, आणि दानाचा समावेश त्यातच केला आहे. आहार, औषध, उपकरण आणि आवास असे तेथे त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. मूळ संदर्भ मुनींच्या सेवेचा आहे, आणि तो बाजूला सारून उजिरेच्या वसतिगृहाला थेट तो शब्द चिकटवणे अनुचित ठरेल. तरी हात आणि पैसा या दोन्हींसाठी आचार्यांनी एकच शब्द पुरेसा मानला, हे विसरता येत नाही. थकलेल्या मुनींचे पाय चेपणे आणि त्यांना आहार देणे यांत त्यांना वेगळे खाते उघडावेसे वाटले नाही.

दक्षिण महाराष्ट्राच्या जैन समाजाला हे नवीनही नाही. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेने देणग्या जमवल्या आणि बोर्डिंगेही चालवली. विद्यार्थ्याला शुल्क देऊन ती थांबली नाही, त्याला राहायला जागा दिली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. त्या घरात पैसा देणारे आणि राबणारे हात वेगळे नव्हते.

हा वारसा असलेल्या समाजात आज सहकारी बँका आणि पतसंस्था चालवणारी माणसे थोडी नाहीत. त्यांच्या वार्षिक सभेत देणग्यांचा विषय येतो तेव्हा तो बहुधा पाच मिनिटांत संपतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या ६९ व्या कलमाने, राखीव निधी व शिक्षण निधीची तरतूद केल्यानंतर, निव्वळ नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम सहकारी, धर्मादाय किंवा अन्य सार्वजनिक कामासाठी बाजूला काढण्याची मुभा दिली आहे. सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेचे दंडकही पाळावे लागतात. ती रक्कम कोणाला द्यायची याची यादी होते. सेवक आणि संचालक स्वतः किती वेळ देणार, याची यादी होत नाही. पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्याला गावातील कोणता कर्जदार नियतीने बुडाला आणि कोणता नियोजनाने, हे तोंडपाठ असते. त्याने वर्षातून चार संध्याकाळी नव्या कर्जदारांना वह्या कशा ठेवाव्यात हे शिकवले, तर पुढील वर्षी त्याचे स्वतःचेच काम हलके होईल.

समाजात निवृत्त बँक अधिकारीही पुष्कळ आहेत. सकाळी मंदिरात अभिषेक, दुपारी वर्तमानपत्र, संध्याकाळी फेरफटका, असा त्यांचा दिवस जातो, आणि त्यांच्या डोक्यातील पस्तीस वर्षांची शाखा बंदच राहते. जिल्ह्याच्या आरसेटीला कर्जप्रकरण, हिशेब आणि बाजाराचा अंदाज या विषयांसाठी पाहुणे व्याख्याते हवे असतात. संचालकांना जाऊन भेटले, की बोलावणे येण्यास वेळ लागत नाही.

तरुणांसाठी वाट आणखी सोपी आहे. साधारणपणे १८ ते ४५ वयाच्या ग्रामीण उमेदवाराला प्रवेश मिळतो, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना प्राधान्य असते, आणि शुल्क नाही. चौकशी अग्रणी बँकेच्या कोणत्याही शाखेत किंवा थेट संस्थेत करावी. आधार कार्ड, शिधापत्रिका, शिक्षणाचा दाखला, बँकेचे पासबुक आणि छायाचित्रे बरोबर न्यावीत. निवासाची सोय असल्याने घरातून निघताना कपड्यांची पिशवी तेवढी लागते. कंदमुळे न खाणाऱ्याने, आणि रात्री न जेवणाऱ्यानेही, पहिल्याच दिवशी संचालकांना तसे सांगून ठेवावे.